सातवी बाई

विजेचं तेव्हा काही खरं नव्हतं.
तिबिलिसीत त्या हिवाळ्यात ती कधी रात्री दोनला यायची,
कधी पहाटे, कधी चार-चार दिवस नाहीच.
आली की अख्खं आवार ओरडायचं, "आऽऽली!"
जशी कुणाच्या घरी मुलगी झाली.

त्या हाकेवर त्सिउरी उठायची.
तिसरा मजला, आमच्या भिंतीला तिची भिंत.
आधी भट्टी लावायची, मग चष्मा.

तिचं तांबं जुन्या गीझरांचं.
नळाला पाणीच नाही तर गीझर काय पुजायचाय,
म्हणून लोक आणून द्यायचे.
डांबराच्या गादीवर पालथं घालून
त्यातून ती वीतभर बायका ठोकून काढायची :
नाक हवं तर मागून ठोका, पाठ हवी तर पुढून.
दिवसभर ठकठक. आई म्हणायची, डोकं उठवलंय हिनं.

पावाची रांग होती ती.
पहाटे चारपासून बेकरीपुढे उभी,
तळहातावर शाईनं नंबर लिहिलेली.
अंग सगळं उघडं तांबं,
डोक्याचा रुमाल तेवढा मीन्याचा.
अकीकाच्या खलात काच खलायची,
पाणी निवळेस्तोवर धुवायची,
चांदीच्या तारेचे केसाएवढे बांध घालून
वाफ्यावाफ्यात रंग पेरायची, पिसाच्या टोकानं.

मी हरकाम्या. वय वर्षं नऊ.
माझ्याकडे मागची बाजू.
"पाठीलाही काच लागते," ती म्हणायची,
"एकाच अंगाला दिली तर तांबं वाकतं
आणि पुढची काच टाकून देतं."
मग कुणी बघणार नाही तिथं
मी धुवणीचा गाळ थापायचो, करडा-हिरवा.

भट्टीतून निघालेल्या बाईला रंग नसतोच.
नुसता निखारा. मग काळी.
मग पांढरा परततो, त्याच्यामागून निळा,
लाल सगळ्यात शेवटी, रुसल्यासारखा.
तेवढा वेळ आम्ही बोलायचो नाही.

फेब्रुवारीतली रात्र. सातवी बाई, निळा रुमाल.
आत जाऊन मिनिट झालं असेल नसेल,
भट्टीची लाली मावळली, जिना काळाठिक्कर,
खालून म्हाताऱ्या बेसोची शिवी : फ्यूज!

नियम होता. त्सिउरीची भट्टी चालू असताना
कुणी इस्त्री लावायची नाही, शेगडी लावायची नाही.
सगळे पाळायचे. का, ते मला अजून सांगता येत नाही.
पावाला पैसे नव्हते लोकांकडे
आणि तांब्याच्या बाहुल्यांसाठी कुडकुडत बसायचे.

दारात आई. हातात पाणी तापवायची कॉइल.
"तीन आठवडे पोराला अंघोळ नाही," म्हणाली.
एवढंच. चुकलं वगैरे काही नाही.

त्सिउरीनं चिमट्यानं बाई मेणबत्तीपाशी धरली.
निळा वितळलाच नव्हता धड :
सांडलेल्या साखरेसारखा दाणेदार,
कानाजवळ तेवढी चकाकी.
गार झाल्यावर तिनं त्यावरून अंगठा फिरवला.
"पाणी तरी तापलं का?"
"कोमट."
"मग घाल त्याला. निवेल."

पुन्हा भाजता आली असती.
वीज शनिवारी आली, पुढच्या आठवड्यातही आली.
सातवी तशीच रांगेत उभी राहिली,
तळहातावर आमच्या खोलीचा नंबर.

त्सिउरी जाऊन अकरा वर्षं झाली.
रांग आता एका संग्रहालयात आहे, काचेआड, लख्ख उजेडात.
परवा आईला घेऊन गेलो.
पाटीवर लिहिलंय : सातव्या आकृतीतील
पोत जाणीवपूर्वक अपूर्ण ठेवला आहे.
आईनं दोनदा वाचलं. "जाणीवपूर्वक!" म्हणाली,
आणि पदराबिदराशिवाय, नुसत्या मुठीत तोंड धरून हसली,
रखवालदार उठून येईपर्यंत.

मी वाकून पाठ दिसते का बघत होतो.
नाही दिसत. कपाट भिंतीला टेकवलंय.

"चल," आई म्हणाली, "जाता जाता पाव घेऊ.
आता गर्दी नसेल."